ताळा सात

मुरुडला ज्याने म्हणून दहावीचं गणित केलं, त्याला विश्वंभर सर ठाऊक असतात आणि सरांचा नऊही. वर्गात आल्या आल्या ते दोन्ही पंजे पोरांसमोर पसरायचे. नवाच्या पाढ्यातलं सहावं घर हवंय? मग डावीकडून सहावं बोट मिटा. अलीकडे राहिली पाच, पलीकडे चार. चोपन्न. आता पाच नि चार मिळवा, पुन्हा नऊ. त्रेसष्ट घ्या, बहात्तर घ्या, अख्ख्या तालुक्याची लोकसंख्या घेऊन तिला नवाने गुणा. अंकांची बेरीज करत करत एका अंकावर या, नऊ हजर. "जाईल कुठे?" सर विचारायचे. फार खुशीत असले की एक ते नऊ ओळीने लिहायचे, त्यातला आठ गाळायचे आणि उरलेल्या आकड्याला नवाने गुणायला सांगायचे. उत्तरात एक हा अंक नऊ वेळा रांगेत उभा राहायचा. त्रेसष्टने गुणलं तर नऊ वेळा सात. पोरं तोंडात बोटं घालायची आणि सर असे उभे राहायचे, की जणू नऊ त्यांनीच घरी वाढवला होता.

या नवाच्याच जोरावर ताळा चालतो. आकड्यातले सगळे अंक मिळवत जायचं, एकच अंक उरेपर्यंत. तो त्या आकड्याचा ताळा. मोठाले गुणाकार बरोबर आहेत का, हे पडताळायची जुनी रीत. वर्गात शिकवायची आणि सोडून द्यायची गोष्ट, पण सरांनी ती घरात आणली. गॅसचा ग्राहक क्रमांक असो, एसटीचं आरक्षण असो नाहीतर कुणाचा फोन, तोंडी सांगायचा तर शेवटी ताळा सांगायचा. ऐकणाऱ्याने लिहून घ्यायचं, बेरीज करायची आणि जुळलं की "हं" म्हणायचं. त्यांची बायको अनुसूया वैतागून म्हणायची, "मला बघायला आलात तेव्हा माझाही ताळा काढला असेल तुम्ही." सर म्हणायचे, "काढला होता. नऊ आला." ती लटकं रागावायची, पण वाण्याचा नंबर सांगताना ताळा सांगितल्याशिवाय राहायची नाही.

खरी तयार झाली ती त्यांची एकुलती एक मुलगी, गौरी. रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचमध्ये ती अनोळखी माणसांना पकडायची. कुठलाही आकडा मनात धरा, त्यातले अंक उलटसुलट करा, मोठ्यातून लहान वजा करा, उत्तरातला एक अंक माझ्यापासून लपवा. बाकीचे ऐकले की ती लपवलेला अंक सांगायची. बाप शेजारी बसून समुद्राकडे बघत असल्याचं नाटक करायचा. अनुसूया गेली तेव्हा गौरी कॉलेजात होती, आणि त्यानंतर त्या दोघांना एकमेकांशी बोलायला मुख्यतः गणितच उरलं.

म्हणून जेव्हा तिने मुंबईतलं संशोधन दोन वर्षांनी अर्ध्यावर सोडलं आणि गोव्यात एका होड्या बांधणाऱ्या कारखान्यात नोकरी धरली, तेव्हा सरांचं डोकं फिरलं. "होड्या रंगवायला एवढी शिकवली का तुला?" असं ते म्हणाले. "रंगवायला नाही बाबा, आखायला," ती म्हणाली. "त्यातही गणितच आहे." सर म्हणाले, अर्धवट सोडलेलं गणित आपण घरात ठेवत नाही. हे वाक्य त्यांनी मुलीला उद्देशून म्हटलं, आणि ते तिला बरोबर कळलं. ती त्याच दिवशी दुपारच्या गाडीने गेली.

आठ महिन्यांनी एकदा लँडलाइन वाजला. सरांनीच उचलला.

"बाबा, मी. नवीन नंबर घेतलाय. लिहून घ्या."

हाताशी जुनं लॉगटेबल होतं. त्याच्या मागच्या पानावर सरांनी लिहून घेतलं. घाईघाईनेच.

"ताळा सात," गौरी म्हणाली. "राग गेला की फोन करा. मी आता करणार नाही. या वेळी तुम्ही करायचा."

सरांनी अंक मिळवले. सात. "हं," ते म्हणाले. आठ महिन्यांनी मुलीचा आवाज ऐकून त्यांच्या तोंडून तेवढंच निघालं. तिने थोडी वाट पाहिली आणि फोन ठेवला.

राग दुसऱ्याच दिवशी गेला होता. मान खाली घालायला मात्र आणखी नऊ दिवस लागले. अकराव्या दिवशी सकाळी त्यांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि फोन लावला. पलीकडून कुणी माणूस हिंदीत म्हणाला, इथे गौरी वगैरे कोणी नाही. सरांनी लॉगटेबल डोळ्यांजवळ धरून पुन्हा लावला. तोच माणूस, या वेळी जरा खेकसूनच. सरांनी बेरीज केली. सात. पुन्हा केली, उजवीकडून डावीकडे. सातच. म्हणजे लिहिण्यात चूक नाही. आणि गौरी नंबर सांगताना चुकेल, हे तर होणंच शक्य नव्हतं. मग उरलं एकच. तिने मुद्दाम भलत्याचा नंबर दिला होता, बापाला अकरा दिवस झुलवून तोंडघशी पाडायला.

आकडा बरोबर निघाला, म्हणून त्यांनी मुलीला चूक ठरवलं. कुणाला विचारलं असतं, तिच्या एखाद्या मैत्रिणीला दोन शब्द टाकले असते, तर दहा मिनिटांत उलगडा झाला असता. पण सर विचारतील कसे? पुढच्या वर्षी चक्रीवादळात सुपाऱ्या आडव्या झाल्या, फोनच्या तारा तुटल्या, आणि सरांनी लँडलाइन पुन्हा घेतलाच नाही. मोबाइल घेतला. गावात कुणी गौरीचं विचारलं तर "मजेत आहे" म्हणायचे आणि नारळांचा विषय काढायचे. अशी सहा वर्षं गेली. रात्री जेवताना ताटासमोर बसलं की तिची आठवण यायची, रोज यायची, आणि ते ती भाताबरोबर गिळायचे.

गेल्या नोव्हेंबरात राही त्यांच्याकडे यायला लागली. आतल्या गावातली, भातशेतीवाल्यांच्या घरातली चोवीस वर्षांची मुलगी. बँकेच्या परीक्षेला बसत होती. एसटीने यायची, दुपारी दोन ते चार गणित करायची. पाटावर बसल्यासारखी ताठ बसायची आणि समजलं नाही तर समजलं नाही म्हणायची. सरांना ती आवडायची.

त्या दिवशी तिने एक प्रश्न काढला. दोन अंकी संख्या, तिच्यातले अंक उलटे केले, दोन्हींतला फरक कशाने नेहमी भागतो?

"उत्तर नऊ हाय, ते पुस्तकातच दिलंय," राही म्हणाली. "पन का?"

सर खुलले. कितीतरी दिवसांनी खुलले. "तू एक चार अंकी आकडा घे. मला सांगू नकोस. अंक हवे तसे हलव. वजाबाकी कर. आता उत्तरातला एक अंक लपव, बाकीचे सांग."

राहीने वही आडवी धरून केलं. "एक, चार, आठ."

"पाच लपवलास."

राहीने वहीत पाहिलं. पाच हजार दोनशे त्र्याऐंशीमधून तीन हजार आठशे पंचवीस. उत्तर चौदाशे अठ्ठावन्न. ती हसली. "कसं काय हो सर?"

"अगं, अंक तेच, फक्त जागा बदलल्या. म्हणून दोन्हींचा ताळा एकच. वजा केले की नवाच्या पटीतच काही उरणार. त्या उत्तराची बेरीज नऊ, अठरा, सत्तावीस, यातलीच यायला हवी. तू तेरा सांगितलेस. अठराला पाच कमी."

राहीने थोडा विचार केला. ती नुसती मान डोलावणाऱ्यांतली नव्हती. "म्हंजे सर, येखादा आकडा लिवताना दोन अंक मागंपुढं झालं, तर ताळ्याला कळनारच न्हाय?"

"नाही कळणार," सर म्हणाले. "तेवढी एक चूक ताळ्याला दिसत नाही. मी दरवर्षी वर्गात..."

ते थांबले. राही पेन धरून वाट बघत राहिली.

"सर? बरं वाटत न्हाय का?"

"आज एवढंच," सर म्हणाले. "तू जा. गाडी आहे ना तीनची?"

ती गेल्यावर त्यांनी कपाटातून लॉगटेबल काढलं. पस्तीस वर्षं हे त्यांनी पोरांना सांगितलं होतं: अदलाबदल ताळ्यातून निसटते, ताळा जुळला म्हणजे आकडा बरोबर असं समजू नका. परीक्षेत त्यावर दोन मार्कांचा प्रश्नही असायचा. आणि स्वतःच्या मुलीच्या बाबतीत ते हे विसरले. विसरले म्हणणंही खोटं. दुखावलेल्या माणसाला दोषी कुणीतरी हवाच असतो, आणि त्यांनी तो आधीच ठरवून ठेवला होता.

लॉगटेबलाच्या मागे दहा अंक होते. त्यातल्या कुठल्याही दोघांची अदलाबदल धरली तर शक्यता पंचेचाळीस. पण पेपर तपासणाऱ्या माणसाला माहीत असतं, घाईतला हात शेजारच्याच दोघांना हलवतो. शेजारच्या जोड्या नऊ. त्यातल्या एका जोडीत दोन्ही चारच होते, ते हलले काय न हलले काय सारखेच. उरले आठ नंबर. सरांनी ते एकाखाली एक लिहिले. प्रत्येकाचा ताळा सात. मग त्यांनी मोबाइल उचलला.

पहिला नंबर अस्तित्वातच नव्हता. दुसऱ्यावर सांगलीच्या कुठल्याशा मंगल कार्यालयातली बाई भेटली. डिसेंबरची एकच तारीख शिल्लक आहे म्हणाली. तिसरा बंद. चौथ्याने "कोण गौरी?" एवढं विचारून कापला. सर प्रत्येक वेळी ओळ मारत होते आणि पुढचा आकडा बोटाने धरून दाबत होते. सहा वर्षांत तिने नंबर बदललाही असेल, हे त्यांना कळत होतं. एवढंच व्हावं की ती असावी, आणि आपल्याला "चुकलो" म्हणता यावं. बाकी तिने काय बोलायचं ते बोलावं.

पाचव्या नंबरात पाच आणि तीन यांची जागा बदलली होती. बराच वेळ घंटा वाजली.

"हॅलो?" पुरुषाचा आवाज. मागे कुठेतरी लाकडावर ठोकाठोक चालली होती.

"गौरी आहे का?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला आणि ठोकाठोक थांबली. "कोण बोलतंय?"

"मी विश्वंभर. मुरुडहून. तिचा बाप."

"मी सलिल," तो माणूस म्हणाला. "गौरीचा नवरा."

मुलीचं लग्न झालंय हे सरांना तेव्हा कळलं. त्याचा आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं, हे ठरवायला वेळ नव्हता. "तिला जरा देता का?" ते म्हणाले. "दोनच मिनिटं."

"गौरी गेली," सलिल म्हणाला. "चौदा महिने झाले. कावीळ झाली होती. बारा दिवसांत सगळं संपलं."

सर खुर्चीत बसले.

"मी कळवलं नाही तुम्हाला," सलिल पुढे म्हणाला. "चुकलं असेल माझं. पण राग होता. हा फोन तिने कधी बदलला नाही. कारखान्याने दुसरा दिला तरी हा वेगळा सांभाळला. म्हणायची, बाबांकडे हाच आहे. वादळ झालं तेव्हा तिनेच तुमच्या घरी लावला, लागला नाही. मुरुडच्या कुणाकडून तरी कळलं, तुम्ही ठीक आहात. म्हणाली, ठीक आहेत ना, मग करतील. ती गेल्यावर मी हा चालू ठेवला. खरं सांगतो, तुमच्यावरच्या प्रेमाने नाही. कधी केलातच तर चार शब्द सुनवायचे होते."

"सुनवा," सर म्हणाले.

सलिलला ते जमलं नाही. त्याने साध्या आवाजात विचारलं, "का नाही केलात?"

"केला होता. अकराव्या दिवशी. मी नंबर चुकीचा लिहिला होता. पाच आणि तीन इकडचे तिकडे झाले."

"ती एकदा म्हणाली होती तसं," सलिल हळू म्हणाला. "नंबर चुकून भलताच लिहिला असेल का त्यांनी, म्हणून. मग स्वतःच म्हणाली, शक्य नाही. मी ताळा सांगितला होता आणि बाबा 'हं' म्हणाले होते."

सर रडले. फोन कानाला धरूनच रडले, पलीकडे परका माणूस ऐकतोय याची लाज न वाटता. अनुसूया गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते. सलिलने फोन ठेवला नाही.

"तिच्या वह्या आहेत इथे," शेवटी सलिल म्हणाला. "होड्यांची चित्रं, आकडेमोड. मला त्यातलं निम्मं कळत नाही. पाठवू का तुमच्याकडे?"

"नको. मीच येतो. पत्ता सांगा."

सरांनी लॉगटेबल उलटं केलं आणि पेन घेतलं. सलिलने गावाचं नाव सांगितलं, वाडा सांगितला, घराचा नंबर आणि पिनकोड एका दमात सांगितले आणि त्याच दमात पुढे म्हणाला, "ताळा आठ." मग ओशाळून म्हणाला, "सवय आहे. तिने लावली."

"ताळा नको," सर म्हणाले. "एकेक अंक सावकाश सांगा. मी तुमच्यामागे म्हणतो, आणि चुकलो तर तिथेच थांबवा."

सलिल पहिल्यापासून सांगू लागला. सर एकेक अंक मोठ्याने म्हणत लिहीत गेले, आणि प्रत्येक अंकानंतर थांबून विचारत गेले, "बरोबर?"