सर्व बैल दूध देतात

मला राग लवकर येतो, आणि खोटं ऐकलं की हमखास येतो. हा स्वभाव घरात खपून गेला, पण सरळसेवा भरतीच्या परीक्षेत नडला. बुद्धिमत्ता चाचणीत विधान-निष्कर्षाचे पाच प्रश्न असतात, आणि त्या पाचांवर मी दोनदा आपटले. दुसऱ्या वेळी तर निवड यादी जिथं थांबली, तिथून मी दोन मार्कांनी खाली होते. एक प्रश्न दोन मार्कांचा असतो.

क्लासमध्ये असा प्रश्न पहिल्यांदा पाहिला तेव्हाच खटका उडाला. फळ्यावर लिहिलं होतं : सर्व बैल दूध देतात. ढवळ्या बैल आहे. निष्कर्ष : ढवळ्या दूध देतो. सर म्हणाले, निष्कर्ष बरोबर. मी उभी राहिले. म्हटलं, "सर, मी रोज म्हशीची धार काढते. बैलाखाली बादली लावून दाखवा, मग बरोबर म्हणते." वर्ग खो-खो हसला. सर म्हणाले, "तृप्ती, विधान खरं धरून चालायचं असतं." मला ते काही केल्या धरवेना.

तिसऱ्या परीक्षेच्या वेळी मी सत्तावीस वर्षांची होते. आमचं केदारखेड्यात चार एकर रान. दोन वर्षांपासून माझ्या वाटणीचं निंदण-खुरपणही बाबाच करत होते, का तर पोरीचा अभ्यास बुडायला नको. यंदा नाही झालं तर पुस्तकं माळ्यावर टाकायची आणि खुरपं हातात घ्यायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं.

एके दुपारी मी ओट्यावर बसून पुस्तकाशी भांडत होते, तेवढ्यात शेजारचे रखमाजी काका आले. काका चौथी शिकलेले, पण आसपास कुठंही लग्न जमलं की याद लिहायला त्यांनाच बोलावतात. दोन्हीकडची माणसं बैठकीला बसतात, मंडप कोणाचा, जेवण कोणाचं, वाजंत्री कोणाची ते ठरवतात, आणि जे ठरेल ते यादीत उतरतं. पुढं वाद झालाच तर काका चष्मा लावून याद वाचतात. मग कोणाचं काही चालत नाही.

"काय बडबडून राह्यली गं?" काकांनी विचारलं.

मी बैलाचं सांगितलं. मला वाटलं, हसतील. काका म्हणाले, "मंग बराबर तर हे. ढवळ्या दूध देतो."

"काका, तुम्ही पण?"

"आगं, बैठकीत बुंदी ठरली. मला ठावं हे, व्याह्याला शुगर हे. म्हनून म्या यादीतली बुंदी खोडू का? बैठकीत बोललं तेवढं खरं. माह्या डोक्यातलं माह्या घरी."

मी पुस्तकाचं पान उलटलं. मग त्यांना माझा नेहमी चुकणारा प्रश्न घातला : काही मुलं हुशार आहेत. म्हणजे काही मुलं हुशार नाहीत, हो ना?

"बिलकुल न्हाई," काका म्हणाले. "टेंभुर्णीच्या लग्नात असंच झाल्तं. यादीत लिवलं, पोराकडची काही मानसं आदल्या दिवशी मुक्कामी येतील. पोरीकडच्यांनी आपल्या मनानं धरलं, का बाकीची येनार न्हाईत. तीस मानसांचा सैपाक केला. आले किती? समदेच्या समदे, दोनशे! लोक भांडायला उठले, मंग म्या याद वाचली. काही येतील, असं लिवलं व्हतं. बाकीचे येनार न्हाईत, असं कुठं लिवलं व्हतं?"

"मग हो?"

"मंग काय, पिठलं केलं."

सरांनी सहा महिने घसा कोरडा करून जे डोक्यात घातलं नव्हतं, ते त्या पिठल्यानं घातलं. त्या दिवसापासून प्रत्येक प्रश्न मी याद समजून वाचू लागले. बैठकीत कोण काय बोललं, आणि मी पदरचं काय घातलं, एवढंच बघायचं. सरावात पाचपैकी चार यायला लागले, कधी पाचही.

परीक्षा जालन्याला होती. बाबांनी मोटारसायकलवर नेऊन सोडलं. पेपर बरा चालला होता. मग संगणकावर प्रश्न आला : सर्व शेतकरी आळशी आहेत. एकही आळशी माणूस सुखी नाही. निष्कर्ष एक, एकही शेतकरी सुखी नाही. निष्कर्ष दोन, काही शेतकरी कष्टाळू आहेत.

माझं डोकंच फिरलं. बाबांचे भेगाळलेले हात डोळ्यांसमोर आले. कष्टाळू शेतकरी तर बाहेर फाटकापाशी उभा होता, माझी पाण्याची बाटली धरून! बोट 'फक्त दुसरा' या पर्यायाकडे गेलंसुद्धा. पण ही गोष्ट बैठकीत कोणी बोललं नव्हतं. ती मी घरून आणली होती. मी दात आवळले आणि 'फक्त पहिला' निवडला. रागानं डोळ्यांत पाणी आलं. बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, "कसा गेला?" मी नुसतं "बरा" म्हटलं. त्यांच्याकडे बघवेना.

दोन महिन्यांनी निवड यादी लागली. तीत सगळ्यात शेवटचं नाव माझं होतं. मी धावतच रानात गेले. बाबा कपाशीत खुरपत होते. नोकरीचं सांगितलं, आणि त्याच दमात त्या प्रश्नाचंही सांगून टाकलं, कारण पोटात राहत नव्हतं. म्हटलं, "बाबा, मी तुम्हाला आळशी ठरवून आले. तो एक प्रश्न चुकला असता तर नाव आलं नसतं."

बाबा ऐकता ऐकता उठून उभे राहिले. मग मोठ्यानं हसले, खुरपं बांधावर फेकलं आणि भर उन्हाचे बाभळीखाली आडवे झाले.

"बाबा, काय करून राह्यले?"

"पेपर खोटा पडू नये म्हनून," ते डोळे मिटून म्हणाले, "आज दिसभर आळशी."

मी त्यांच्या शेजारी बसले. पेपरातलं पहिलं विधान त्यांनी त्या दुपारी खरं करून दाखवलं. दुसरं मात्र साफ खोटं पडलं, कारण इतका सुखी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.