दोरा लागला की सांगा

शिवणकाम करणाऱ्या मास्तरांच्या दुकानात एक नियम होता. कमरेला टेप लावली की गिऱ्हाईक हमखास श्वास ओढून पोट आत घेई, आणि मास्तर टेप सोडून हाताची घडी घालून उभे राहत.

"सोडा पोट! माझ्यापासून काय लपवताय? घरी जाऊन जेवायला बसाल, बटण उडेल आणि नाव खराब होईल माझं."

त्या दुपारी बँकेतल्या एका साहेबांना ते हेच ऐकवत होते. कोपऱ्यात काजं करत बसलेली त्यांची लेक हसत होती. हसता हसता तिची नजर फरशीवर गेली. शिलाई मशीनपासून कापायच्या टेबलापर्यंत लाल ठिपके पडले होते. खडूचे असतील, असं तिला वाटलं. पण खडू ओला कसा असेल?

ठिपके मास्तरांच्या उजव्या पायाशी येऊन थांबले होते.

"बाबा, पाय वर करा."

"अगं, साहेबांचं माप चाललंय."

"करा म्हणते ना!"

तळव्यात टाचणी होती. पार डोक्यापर्यंत रुतलेली.

"दुखत नाही तुम्हाला?"

"काय दुखत नाही?" मास्तरांनी विचारलं, आणि लेकीनं त्यांना तडक दवाखान्यात नेलं.

मास्तरांना मधुमेह होऊन नऊ वर्षं झाली होती. घरात मात्र त्याचं नाव काढायची सोय नव्हती. "थोडी साखर आहे, काबूत आहे," एवढंच ते म्हणत. पुरावा म्हणून रिपोर्ट असायचाच. तपासणीच्या आधी चार दिवस घरात गोड बंद, जेवण अर्धं, दोन्ही वेळ फिरणं. रिपोर्ट चांगला आला की मास्तर "पास झालो!" म्हणत मिठाईचा पुडा घेऊन घरी येत, आणि गोळ्या ड्रॉवरमध्ये जात. ते अर्धं ताट लेकच वाढायची. तिला सगळं ठाऊक होतं. आई गेल्यापासून बाबांना दुखवायचं नाही, असं तिनं स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी टाचणी काढली, जखम धुतली. मग नायलॉनचा एक बारीक दोरा हातात घेतला.

"डोळे मिटा. दोरा तळव्याला लागला की सांगा."

"बाई, चाळीस वर्षं दोऱ्यातच गेली माझी. मला दोरा कळणार नाही होय?"

डॉक्टरबाईंनी अंगठ्याखाली दोरा टेकवला. मग बोटांच्या मुळाशी. मग टाचेच्या कडेला. लेक मनात मोजत होती. चार. पाच. सहा. मास्तर डोळे मिटून शांतपणे वाट बघत होते.

"करा ना सुरुवात," ते म्हणाले.

लेकीनं खुर्चीची कड घट्ट धरली.

मास्तरांनी डोळे उघडले, दोघींचे चेहरे पाहिले आणि घाईघाईनं खिशातून घडी घातलेला रिपोर्ट काढला. "हे बघा, सगळं व्यवस्थित आहे."

"ही एका सकाळची साखर झाली," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आपण तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी करू. आधी कंबर मोजते. उभे राहा."

टेप कमरेला लागली आणि मास्तरांनी पोट आत ओढलं!

"बाबा, सोडा पोट!"

लेक ओरडलीच. तिचा आवाज रडवेला झाला होता. "तुम्ही चार दिवस उपाशी राहून माप देता, आणि मीच तुम्हाला साथ देते! कुणाला फसवतोय आपण?"

मास्तरांनी हळूच श्वास सोडला. टेप चांगली चार बोटं सरकली.

"हातपाय बारीक असले तरी भागत नाही, मास्तर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पोटात, यकृतात साठलेली चरबी साखरेचं गणित बिघडवते. सुरुवातीच्या वर्षांत वजन नीट उतरवलं तर काहींची साखर गोळ्यांशिवायही ताळ्यावर राहते, असं अलीकडच्या संशोधनात दिसलंय. नऊ वर्षांनंतर मी तुम्हाला तसा शब्द देणार नाही. गेलेली संवेदनाही बहुधा परत येणार नाही. पण पाय राखायचा असेल तर गोळ्या रोज घ्यायच्या, आणि खोटं माप बंद."

"राखायचा म्हणजे?" मास्तरांचा आवाज एकदम बारीक झाला. "मशीनवर हाच पाय असतो माझा."

"जखम किती खोल गेलीय, ते दोन-चार दिवसांत कळेल."

ते दिवस लेकीनं कसे काढले, तिचं तिलाच माहीत. पट्टी सुटताना ती आधी नर्सच्या चेहऱ्याकडे बघायची, मग पायाकडे. तिसऱ्या दिवशी अंगठ्याशेजारचं बोट काळंनिळं पडलं. ते काढावं लागलं. पाय मात्र वाचला.

आता दुकान उघडायच्या आधी मास्तर स्टुलावर बसतात, आणि लेक आरसा धरून दोन्ही तळवे नीट बघते. मग ती दोरा टेकवते. त्यांना तो लागत नाही, हे दोघांनाही माहीत आहे.

"झालं?" मास्तर विचारतात.

"झालं, बाबा. आज जखम नाही." मगच तिचा जीव भांड्यात पडतो.

परवा बँकेतले साहेब पुन्हा आले. टेप लागताच त्यांनी पोट आत घेतलं. मास्तरांनी या खेपेला हाताची घडी घातली नाही. त्यांनी चप्पल काढून चार बोटांचा पाय पुढे केला.

"साहेब, सोडा पोट. आणि रक्त तपासून घ्या, आहे त्या खाण्यापिण्यावर. चार दिवस तयारी करून नको!"

मित्रहो, आपल्या घरातही असा एखादा घडी घातलेला रिपोर्ट असेल, आणि त्याला गप्प राहून साथ देणारं मायेचं माणूसही असेल. दुखत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजू नका. खरं माप द्या. खरं माप मागा. भीती वाटेल; वाटू द्या. टाचणी रुतल्यावर कळण्यापेक्षा ती भीती परवडली.