लाल दोऱ्याचा पलंगपोस

आमच्या दुकानाला भिंती नाहीत. मैदानात दोन बांबू, मध्ये दोरी आणि दोरीवर लोकांच्या आजी-पणजीच्या चादरी, शाली, पडदे. सासूबाई हा जुना माल गोळा करतात, धुतात, रफू करतात, मी विकते. बोलण्यात मला कुणी हरवू शकत नाही, असं सगळा बाजार म्हणतो. नवराही म्हणतो, पण तो कौतुकानं म्हणत नाही.

जी वस्तू विकायची नाही, तिच्या कोपऱ्याला सासूबाई लाल दोरा बांधतात. अशी वस्तू एकच: त्यांनी आणि त्यांच्या धाकट्या बहिणीनं लग्नाआधी मिळून भरलेला पलंगपोस. बहीण आता नाही. तो पुढे टांगला की गिऱ्हाईक हमखास थांबतं, म्हणून दर रविवारी तो आमच्याबरोबर येतो आणि संध्याकाळी घरी परत जातो.

त्या दिवशी सासूबाई बाजाराच्या टोकाला चहा प्यायला गेल्या आणि एका चष्मेवाल्या बाईनं नेमका तोच मागितला. मी कोपरा पाहिला. दोरा नाही! मला वाटलं, आईंनी एकदाचं मन घट्ट केलं. छान घडी घालून दिला, वर गोड हसलेही.

तेवढ्यात नवरा उरलेलं गाठोडं घेऊन आला. "पलंगपोस कुठाय? काल काय झकास इस्त्री केली होती मी! एक दोरा लोंबत होता, तोही कापून टाकला."

"वा, उजेड पाडलास!" मी म्हणाले. दुकान त्याच्या गळ्यात मारलं आणि धूम ठोकली.

बाई सापडली ती टोकाच्या शिंप्याकडे. पलंगपोस टेबलावर पसरलेला आणि शिंप्याच्या हातात कात्री.

"थांबा!" मी ओरडले. त्याच क्षणी मागून दुसरं "थांबा!" ऐकू आलं. शेजारच्या बाकावरून सासूबाई चहाचा कप घेऊन धावत आल्या होत्या.

मी धापा टाकत सगळं सांगितलं. बाईचा चेहरा पडला. "पडदे शिवणार होते हो. घ्या परत. पण या कोपऱ्यातली वाकडी पानं मला फार आवडली होती. कुणीतरी हसता हसता भरली असणार."

सासूबाईंनी चहाचा कप बाकावर ठेवला.

"माझी बहीण," त्या म्हणाल्या. "टाके कमी, खिदळणं जास्त. इतकी वर्षं टांगतेय, पण ती पानं कुणी पाहिलीच नव्हती."

मला राग येतो तसं रडूही पटकन येतं. मी पदरानं नाक पुसलं.

सासूबाईंनी पलंगपोसावरून एकदा हात फिरवला आणि तो बाईकडे सरकवला. "न्या. पण कापायचा नाही. अंथरायचा."

मग शिंप्याकडून लाल दोरा मागून घेऊन त्यांनी तो कोपऱ्याला घट्ट बांधला. "आता तुम्हीही हा विकायचा नाही," त्यांनी बाईला बजावलं, "आणि घरातल्या पुरुषाला इस्त्री करू द्यायची नाही."