झाकणांचा कीबोर्ड

"अगं, बोट उचल ठके," बाबा म्हणाले, पण पडद्यावर एका 'द'मागे 'ग'ची रांग धावतच सुटली. त्यांनी वायर उपटली, तेव्हा कुठे ती थांबली.

बाबा म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे रेडिओ दुरुस्त केले. आता नातीसाठी कीबोर्ड करत होते. लाकडी फळीवर बाटल्यांची झाकणं, प्रत्येकावर एक अक्षर, खाली तारांचं जंजाळ आणि नखाएवढी चिप. माझी ठकी सहा वर्षांची. बोलत नाही, बोटं मिटलेली. विकतच्या कीबोर्डवर तिची मूठ चार अक्षरं एकदम दाबते. सोमवारी शाळेच्या बाई बघणार होत्या, ही स्वतःहून काही लिहिते का. नाही लिहिलं, तर वर्गात जागा नाही.

"माझ्या हाताखाली सुरळीत चालतं," बाबा पुटपुटले. "पोरगी बोटच उचलत नाही."

"उचलते, बाबा."

"मग थांबत का नाही ते?"

मी वाद घातला नाही. वायर पुन्हा जोडली. ठकीनं झाकण दाबलं, 'ग' धावू लागले. मी कागदाची पट्टी तिच्या हाताखालून सरकवली. कुठेही न अडता पट्टी पलीकडे निघाली; हात उचललेलाच होता. 'ग' धावतच होते.

बाबा बघत राहिले.

"तुम्ही एका बोटानं दाबता," मी म्हटलं. "तिच्या मुठीची कड शेजारच्या झाकणावर टेकते. तिच्यासारखं दाबा ना एकदा."

त्यांनी मूठ वळली, नातीसारखीच वाकडी, आणि दाबली. हात उचलला. पडदा भरत गेला.

"हात्तिच्या," ते हळूच म्हणाले. "पहिलं बटण सुटलं की चिप कान मिटून बसते. दुसरंही सुटलं, हे कॉम्प्युटरला सांगतच नाही. त्याला वाटतं, कुणीतरी दाबूनच धरलंय." चष्मा काढून त्यांनी ठकीकडे पाहिलं. "चूक माझी होती, बाईसाहेब. तुम्हाला उगाच बोललो."

ठकी हसली. तिला सगळं कळत होतं.

पहिलं झाकण सुटेपर्यंत दुसऱ्याचं ऐकायचंच नाही, असं त्यांनी चिपला नव्यानं शिकवलं. तासभर गेला. संध्याकाळचं दूध घेऊन मी आले, तेव्हा ठकी फळीवर वाकली होती. एक अक्षर. मग मोठा श्वास. मग पुढचं. मी नेहमीसारखा पेला तिच्या तोंडाशी नेला. तिनं मान वळवली आणि दाबत राहिली.

पडद्यावर अक्षरं उमटली: दूध नको.

पाच वर्षं, रोज दोन वेळा, मी तिला दूध पाजत आले होते.

हातातला स्क्रूड्रायव्हर बाबांनी आवाज न करता खाली ठेवला. मी पेला धरून तशीच उभी राहिले, दुधावर साय धरेपर्यंत. ठकी पुढचं झाकण शोधत होती.