मधला बाक

रुग्णालयात त्याला सगळे नियमकाका म्हणत. पद सुरक्षा अधिकाऱ्याचं, पण काम म्हणजे चार सासवांची एकच सून होऊन नांदायचं. अग्निशमनवाले म्हणत, वाटेत काही ठेवू नका. रुग्णसुरक्षावाले म्हणत, लांब वाटेत टेकायला जागा ठेवा, माणसं पडतात. जंतुसंसर्गवाल्यांना बाकावर गादी नको, मानांकनवाल्यांना गादीशिवाय बाक नको. सगळ्यांचंच खरं, आणि सगळं लेखी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

या भांडणात दुसऱ्या मजल्यावरच्या लांब पॅसेजमधला लाकडी बाक सापडला होता. एकाची तपासणी आली की तो जिन्याखालच्या खोलीत जाई, दुसऱ्याची आली की बाहेर येई.

त्याच पॅसेजच्या टोकाच्या खोलीत त्याचे वडील होते. अर्धं अंग गेलेलं. दुपारचं जेवण घेत ते फक्त आईच्या हातून. नर्सने चमचा पुढे केला की तोंड मिटून घेत. आईचे गुडघे कामातून गेलेले. लिफ्टपासून बाकापर्यंत एक दम, तिथून खोलीपर्यंत दुसरा. ती टेकली की बाक करकरे, आणि आत वडील चांगल्या हाताने केस सारखे करत.

त्या दिवशी अग्निशमनची सकाळची तपासणी दुपारवर ढकलली गेली. बाक सकाळीच आत गेला होता. आईला उशिरा ये म्हणून सांगायचं त्याच्या डोक्यातूनच गेलं.

तपासनीसाला घेऊन तो वर आला, तर बाकाच्या जागी आई फरशीवर बसलेली. मांडीवर डबा.

"हे काय? वाटेत माणसं बसवता?" तपासनीस म्हणाला.

"नाही साहेब. कुठल्यातरी पेशंटच्या नातेवाईक असतील."

बोलून गेला खरा. कोणी काही विचारलं की आधी शेरा टाळायचा, ही खोड इतक्या वर्षांत अंगात मुरली होती. आईने वर पाहिलं. तिला सगळं कळलं, आणि तिला कळलंय हे त्याला सोसवेना. तरी त्याने नजर दुसरीकडे वळवली.

"आजी, खाली जाऊन बसा. तपासणी होईपर्यंत इथे कोणी नको," तपासनीस तिला म्हणाला.

"उठते हं, साहेब. चुकलंच माझं." भिंत धरून ती उठली आणि आल्या वाटेने लिफ्टकडे गेली.

तपासणी पार पडली. एकही शेरा नाही. तो धावत खाली गेला, तर दारावरच्या वॉचमनने डबा पुढे केला. "एक आजी घरी गेल्या. म्हणाल्या, हा साहेबांना द्या, वरच्या पेशंटला भरवतील."

साहेबांना! त्याचं खोटं तिने घरी जातानाही सांभाळलं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वर जाऊन त्याने वडिलांपुढे चमचा धरला. वडिलांचे केस विस्कटलेलेच होते. तोंड मिटलेलं. जड जिभेने ते म्हणाले, "आज... बाक वाजला नाही."

"उद्या वाजेल, बाबा."

उद्या रुग्णसुरक्षावाले येणार होते, बाक बाहेर काढावाच लागणार होता. आई येईल का, हे तिला फोन करून विचारायची मात्र त्याला हिंमत होईना.