कूलरची खिडकी

आमच्या घरात बावीस वर्षांपासून एक नियम होता: कूलर सुरू झाला की खिडकी बंद. गार हवा बाहेर घालवायला मी काही राजा नाही. रेल्वेत अडतीस वर्षं मालगाडीच्या डब्यांचा फिटर होतो, त्यामुळे लोखंड, पाणी आणि वारा या विषयांत मला कुणी शिकवू नये असा माझा तोरा. आमच्या गुढियारी मोहल्ल्यात आजही कुणाचा पंखा अडला तर लोक आधी मला, गुलाबरावांना, हाक मारतात, मग मिस्त्रीला.

सून रीना बारावी झालेली, तीही आर्ट्समधून. मे महिन्यात तिला कळलं की चौकापलीकडच्या शाळेला प्रयोगशाळेत मदतनीस हवी आहे. अट एकच. सहावी ते आठवीचं विज्ञान मोठ्या मॅडम, म्हणजे मुख्याध्यापिका, तोंडी विचारणार. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण या पोरीने स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं. या वेळी जेवताना ताट वाढता वाढता म्हणाली, "बाबूजी, मले ही नोकरी पाहिजे."

माझा मुलगा यशदीप उरला भागातल्या कारखान्यातून थकून आला होता. तो "देख लो" म्हणाला आणि झोपला. मी मात्र पेटलो. बुद्धविहारात दर रविवारी बायकांच्या शिक्षणावर भाषण ठोकणारा माणूस मी, आता घरातच संधी चालून आली होती. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या पायलची जुनी पुस्तकं आणली आणि शिकवणी सुरू केली.

खोटं कशाला बोलू, मजा आली. रुळांच्या जोडाला फट का ठेवतात ते मी तिला सांगितलं. उन्हात लोखंड वाढतं, त्याला जागा नको? पहार म्हणजे तरफ कशी ते अंगणातला दगड उचलून दाखवलं. ती "परत सांगा न" म्हणाली की माझी छाती फुगायची आणि ती चुकली की मी उखडायचो. "डोकं कुठं ठेवून आली व?" असं दिवसातून चार वेळा तरी व्हायचं. ती मान खाली घालून पुन्हा वाचायची.

एका सकाळी बाष्पीभवनाचा धडा होता.

"पाणी उडून जाते, तवा आपल्यासंग गरमी घेऊन जाते," मी म्हणालो. "म्हणून मटक्यातलं पाणी थंड."

"हव." तिने कूलरकडे पाहिलं. "मंग बाबूजी, कूलरचं बी तसंच असन न? खिडकी बंद केली तं ओली हवा घरातच कोंडते. मंग पाणी उडन कसं?"

"कूलर परीक्षेत येत नाही," मी म्हणालो. "पुढचं पान काढ."

तिने काढलं.

दुपारी दोन ते चार मी विहाराच्या वाचनालयात पेपर वाचत बसतो. परत आलो की घर कसं गारेगार असायचं! मी घाम पुसत रोज म्हणायचो, "पाहा, बंद ठेवलं की कसं थंड राहते!" आणि रीना रोज "हव बाबूजी" म्हणत पाण्याचा पेला पुढे करायची.

परीक्षेच्या दिवशी मीच तिला घेऊन शाळेत गेलो. मॅडमच्या खोलीबाहेर, बंद खिडकीला लागून बाक होता. दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. मोठ्या मॅडम, शर्मिष्ठा मॅडम, भराभर विचारत होत्या आणि रीना उत्तरं देत होती. तरफ बरोबर. गंज बरोबर. मी मनातल्या मनात मिशीला पीळ देत होतो.

मग मॅडम वैतागून म्हणाल्या, "अच्छा, ये बताओ. कूलर सुबह से चल रहा है, फिर भी इतनी चिपचिप क्यों है?"

आत खुर्ची सरकली. रीना खिडकीपाशी आली आणि काचेतून मी तिला दिसलो. कडीवर ठेवलेला तिचा हात तिथेच थांबला. मी तिच्याकडे बघत होतो, ती माझ्याकडे. आता ही माझं ऐकणार आणि नोकरी घालवणार, की नोकरी मिळवणार आणि माझं नाक कापणार? खरं सांगतो, त्या क्षणी मला माझं नाक जास्त प्यारं होतं.

तिने कडी काढली. खिडकी उघडली आणि ओला, कोंदट वारा माझ्या तोंडावर आला.

"गीली हवा को निकलने का रास्ता नहीं था मॅडम," ती म्हणाली. शब्द स्पष्ट होते. "सूखी हवा अंदर आएगी, तभी पानी उड़ेगा और ठंडक होगी."

"किताब में तो ये नहीं लिखा. किसने बताया?"

"खुद करके देखा. बाबूजी दोपहर को वाचनालय जाते हैं, तब मैं रोज खिड़की खोल देती हूँ. उनके आने से पहले बंद कर देती हूँ."

मॅडम खळखळून हसल्या. माझे कान तापले. आधी रागच आला. उठून सरळ घरी जावं असं वाटलं. मग रोज मी घाम पुसत कुणाच्या गारव्याची फुशारकी मारत होतो ते आठवलं आणि बसल्या जागी लाज वाटली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"सोमवार से आ जाओ," मॅडम म्हणाल्या.

रीना बाहेर आली. डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवरचं हसू तिला लपवता येत नव्हतं. मला पाहून तिने पदर सावरला. आम्ही गेटपाशी पोचलो. शेवटी मलाच राहवलं नाही.

"इतके दिवस घरी काहून नाही सांगितलं?"

"सांगून राहिली होती न, तुम्ही पान पलटवाले लावलं," ती हळूच म्हणाली. "मॅडमनं विचारलं, बाबूजी. घरी मले कोणी विचारत नाही."

डोक्यावर ऊन रणरणत होतं. नऊ वर्षांत मी या पोरीला चहा विचारला असेल, औषध विचारलं असेल. तिला काय वाटतं ते एकदाही विचारलं नव्हतं. रिक्षाला हात केला, ती आधी बसली, मग मी.

"बरं," मी म्हणालो, "अजून काय काय चुकते माहं?"

ती चपापली. मी खरंच विचारतोय का ते तिने नीट निरखून पाहिलं.

"घरी चला, सांगते," ती म्हणाली. "वेळ लागन, बाबूजी."