वेस्टरीचं सभागृह

आमचं कॉल्डर फॉल्स हे गाव कॉलेजच्या जिवावर चालतं. मे महिन्यात मुलं घरी गेली की भर दुपारी मुख्य रस्त्याच्या मधोमध खुर्ची टाकून बसलं तरी कुणी हॉर्न वाजवायचं नाही. या शुकशुकाटावर उपाय म्हणून गावाच्या करातून कन्व्हेन्शन सेंटर बांधायचं, ही कल्पना हार्लन व्होइटची. हार्लन आमचा नगरसेवक. खिळे, पाने-पकडी, रंग विकायचं दुकान चालवायचा. बायकोला, इर्माला, जाऊन चार वर्षं झाली होती आणि तेव्हापासून त्याच्या बोलण्याला धरबंध उरला नव्हता. दंतवैद्यांची अधिवेशनं भरतील, मधमाश्या पाळणाऱ्यांची भरतील, हॉटेलं भरतील, असं तो भेटेल त्याला थांबवून सांगायचा. लोक हळूच घड्याळाकडे बघायचे.

विरोधात होती ओर्फा लिंडक्विस्ट, कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली. तिचं म्हणणं, ग्रंथालयाचं छप्पर गळतंय आणि आपण न बोलावलेल्या पाहुण्यांसाठी दिवाणखाना बांधायला निघालोय. पाच जणांच्या नगरपरिषदेत हार्लन धरून तिघं बाजूनं होते, ओर्फा धरून दोघं विरोधात. हरणार हे दिसत असताना ओर्फानं एकच मागणं केलं. मतदानाआधी वेस्टरीला जाऊन त्यांचं सेंटर बघून येऊ. वेस्टरी आमच्यासारखंच कॉलेजचं गाव, गाडीनं पाच तासांवर. त्यांनी बारा वर्षांपूर्वी सेंटर बांधलं होतं. कॉलेज मात्र नंतर बंद पडलं.

मार्चमध्ये हार्लन, ओर्फा आणि मी असे तिघं गेलो. मी परिषदेची कारकून, अहवाल लिहायला म्हणून बरोबर.

गावात दुकानांच्या काचांना आतून कागद लावलेले होते. सेंटर तेवढं लखलखीत. दारात टिलमन रोच म्हणून व्यवस्थापक उभा होता, सत्तरीचा, इस्त्रीचा कोट घातलेला. आत गोल टेबलं मांडलेली, पांढरेशुभ्र कपडे अंथरलेले, प्रत्येक खुर्चीसमोर पाण्याचा ग्लास, कोरा कागद, टोकदार पेन्सिल. आठशे माणसांची तयारी. गणवेशातल्या म्हाताऱ्या बायका आणि पुरुष हातातल्या काचेच्या जगमधून पाणी ओतत फिरत होते.

"आज कसलं अधिवेशन आहे?" ओर्फानं विचारलं.

"आज काही नाही," रोच म्हणाला.

"मग उद्या?"

"उद्याही नाही. आम्ही रोज मांडतो. एक दिवस मांडलं नाही तर कळतं हो इमारतीला."

ही मंडळी पगारी नव्हती. गावातलेच लोक, सकाळी येऊन मांडायचे, संध्याकाळी आवरायचे. ओर्फानं माझ्याकडे असं बघितलं, जणू अहवालात लिहायला आता काही उरलंच नाही. हार्लनचा चेहरा पडला होता. तो अवघडला की विनोद करायचा. व्यासपीठावर चढला, माइकवर टिचकी मारली आणि म्हणाला, "वेस्टरीकरांनो, नट आणि बोल्ट घ्यायला आलेलं गिऱ्हाईक हमखास काय विसरतं, सांगतो."

ओतणारे हात थांबले. पाण्याचे जग खाली ठेवले गेले. चाळीसएक म्हातारी माणसं पुढच्या टेबलांपाशी येऊन बसली आणि त्यांनी पेन्सिली उचलल्या.

हार्लन थोडा गडबडला, पण बोलला. ते नेमक्या जागी हसले, सगळे एकदम, आणि एकदमच थांबले. मग तो दुकानाबद्दल बोलला. मग इर्माच्या आजाराबद्दल. तिच्या शेवटच्या आठवड्याबद्दल त्यानं जे सांगितलं ते आमच्यापैकी कुणालाही ठाऊक नव्हतं. आम्ही कधी विचारलंच नव्हतं. कुणी खोकलं नाही, कुणी घड्याळ बघितलं नाही. दोन तासांनी ओर्फा व्यासपीठाशी गेली आणि तिनं त्याच्या बाहीला धरून त्याला खाली आणलं. टाळ्या सुरू झाल्या. आम्ही गाडीत बसलो, दारं लावली, तरी त्या ऐकू येत होत्या.

परतीच्या वाटेत हार्लन मागच्या काचेतून वेस्टरीच्या दिशेला बघत राहिला.

मतदानाच्या दिवशी त्यानं विरोधात हात वर केला. महापौरांनी कारण विचारलं.

"तिथे आहे ना एक," तो शांतपणे म्हणाला. "दुसरं कशाला हवंय?"

ठराव पडला. ओर्फा जिंकली होती, पण तिनं कुणाशी हात मिळवले नाहीत. नंतर मला म्हणाली, "त्याला एकट्याला गाडी चालवू देऊ नका गं या दिवसांत." पण तो दर गुरुवारी पहाटे वेस्टरीला निघायचाच. ऑगस्टमध्ये त्यानं दुकान विकलं आणि वेस्टरीत घर घेतलं. सेंटरसाठी धरलेल्या जागेवर आमच्याकडे आजही गाड्या लागतात.

ऑक्टोबरमध्ये त्याच्या राजीनाम्यावर सही हवी होती म्हणून मी गेले. तो सभागृहात तिसऱ्या टेबलाशी बसला होता, दाढी गुळगुळीत, अंगावर गणवेश. सगळेच बसले होते, व्यासपीठाकडे तोंड करून. व्यासपीठावर कुणी नव्हतं.

"बस ना जरा," तो कुजबुजला. "मधेच उभं राहणं बरं दिसत नाही."

"कोण बोलणार आहे?"

"सुरू नाही झालं अजून."

मी बसले. खुर्ची मऊ होती, सभागृहात ऊब होती, शेजारी कुणीतरी माझ्या ग्लासात पाणी ओतलं. मग कधीतरी भिंतीवरचं घड्याळ दिसलं तर दीड तास उलटून गेला होता. मला कंटाळा आलेला नव्हता. उलट फार बरं वाटत होतं, आणि त्याचीच मला धडकी भरली. मी कागद पुढे केला. हार्लननं नजर न हलवता सही केली.

बाहेर गाडीशी एक बाई मागोमाग आली. विनिफ्रेड नाव, ऐंशीच्या घरातली. पुढच्या गावी बहीण असते, तिच्याकडे सोडाल का, म्हणाली. मी आनंदानं दार उघडलं. वाटेत ती बहिणीच्या हातच्या भोपळ्याच्या गोड पेस्ट्रीबद्दल, तिच्या आगाऊ कुत्र्याबद्दल छान बोलत होती. महामार्गाच्या फाट्यापाशी आलो आणि तिनं दाराच्या कडीला हात घातला.

"थांबवा इथंच."

"अहो, दहाच मिनिटं राहिलीत."

"राहू द्या. माझ्या खुर्चीवर कुणी बसलं तर?"

मी परत सोडते म्हणेपर्यंत ती उतरली होती. कापणी झालेल्या मक्याच्या शेताच्या कडेनं ती वेस्टरीच्या दिशेला लागली. मी गाडी महामार्गावर घेतली आणि आरशात बघितलं. ऐंशीची बाई, पायात सपाट काळे बूट, आणि ती चालत नव्हती. पळत होती.